चार मिनिटं अकरा सेकंद

माझ्या फोनमध्ये एक ऑडिओ क्लिप आहे, चार मिनिटं अकरा सेकंदांची. ती मी चोरून केलेली आहे. जिचा आवाज त्यात आहे तिने मला स्पष्ट ‘नको’ म्हणून सांगितलं होतं, आणि मी ‘बरं’ म्हणाले होते.

२०१९ च्या गौरी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. रत्नागिरी स्टँडवरून एसटीने दोन तास, हायवेचं काम चालू असेल तर अडीच. आणि ते काम माझ्या आठवणीत तरी कायम चालूच आहे. त्या रात्री अंगणात फुगड्या रंगल्या होत्या, मुंबईहून आलेल्या काकूंनी पदर खोचले होते, आणि आजी आत स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती. गुडघ्यांमुळे तिचं अंगणात नाचणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. बाहेरचं गाणं थांबलं की ती आत तिचं सुरू करायची. तिच्या माहेरचं जुनं गौरीचं गाणं. अर्धे शब्द गिळलेले, मधेच नुसता हुंकार, मधेच हात थांबायचा आणि परत चालू व्हायचा.

मी फोन काढला. मान वर न करता ती म्हणाली, “ते ठेव बाजूला, बाय.”

“अगं, आठवण म्हणून.”

“आठवण ठेवायची तर डोक्यात ठेव. यात घातलंस की कोण कुठं बसून ऐकेल ते मला काय कळणार? कोण जेवताना ऐकेल, कोण संडासात ऐकेल. गौरीचं गाणं गौरीपुढं.”

मी हसले, ‘बरं’ म्हणाले, आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला. रेकॉर्डिंग चालू करून.

२०२१ च्या मे महिन्यात आजी गेली. ते दिवस कसे होते ते तुम्हाला सांगायला नको. तिला पोचवायला आम्ही पुरते घरचेसुद्धा जमू शकलो नाही. पुढे वर्षश्राद्धाच्या आधी माझ्या चुलत भावाने फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला: व्हिडिओ बनवतोय, फोटो भरपूर आहेत, कोणाकडे आजीचा आवाज आहे का? एकेक जण ‘नाही रे’ लिहीत गेला. मी मेसेज वाचला आणि काहीच लिहिलं नाही.

*

मी मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. शनिवारी सुटले की गावची एसटी पकडते आणि हातखंब्यापर्यंत तरी कानात काहीतरी लागतं. त्या शनिवारी यूट्यूबने मला ‘व्हॉयेजर’ची प्लेलिस्ट समोर ठेवली.

व्हॉयेजरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९७७ साली नासाने दोन यानं सोडली आणि दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली. पृथ्वीबाहेर कधी कोणी भेटलंच, तर ही आमची ओळख, म्हणून. त्यात ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यात मराठीही आहे. आणि जगभरातलं सुमारे ९० मिनिटांचं संगीत आहे, एकूण २७ तुकडे. शेवटून तिसरा तुकडा आपल्याकडचा आहे: केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांची.

ती संपली आणि लगेच पुढचा तुकडा लागला. एक माणूस गिटारवर काहीतरी घासत होता आणि गात होता, पण शब्द एकही नव्हता. नुसता हुंकार. कण्हल्यासारखा, मधेच थांबणारा, मधेच गिटारला पुढे जाऊ देणारा. मला माझ्या कानात आमचं स्वयंपाकघर ऐकू आलं. आजीचं गाणं असं नव्हतं, सूर वेगळे, ठेका वेगळा. पण शब्द गिळून नुसत्या आवाजावर उतरायची ती जागा तीच होती.

तो ब्लाइंड विली जॉन्सन होता. टेक्सासमधला आंधळा गायक, १८९७ सालचा जन्म. हे रेकॉर्डिंग १९२७ मधलं.

त्या दिवसापासून हे दोघे माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसले आहेत. दोघांनी एकमेकांचं नाव कधी ऐकलं असण्याची शक्यता नाही. आणि मला त्यांच्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: गाणाऱ्याने ‘नको’ म्हटलं असेल, तर त्याच्या मागे त्या ‘नको’चं काय करायचं?

*

केसरबाई आपल्या शेजारच्याच. गोव्यात फोंडा तालुक्यात केरी नावाचं गाव आहे, तिथे १३ जुलै १८९२ ला त्यांचा जन्म झाला. त्या कलावंत समाजातल्या. देवळांच्या आणि धनिकांच्या आधाराने जगणारा, बायकांच्या गळ्यावर घरं चालणारा समाज. या घरांमध्ये मुलगी गाणं शिकणार हे ठरलेलं असायचं. ती कोणापुढे गाणार, कोणाच्या घरी गाणार, हेही बरंचसं दुसरेच ठरवायचे. लोक तिच्या गाण्याला माना डोलवायचे, आणि तिला घराण्यातली सून म्हणून आत घ्यायची वेळ आली की माना फिरवायचे.

आठ वर्षांच्या केसरला कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिकायला मिळालं. मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथे बरकतुल्ला खाँ यांच्याकडे तुटक तुटक तालीम, थोडा काळ भास्करबुवा बखले. प्रत्येक वेळी काहीतरी व्हायचं, गुरू दुसऱ्या दरबारी जायचे, शिक्षण अर्धवट राहायचं. तुम्ही स्पर्धा परीक्षेचे चार क्लास बदलले असतील, तर या अर्धवटपणाची चव तुम्हाला ठाऊक असेल.

१९२१ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, त्या जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या आणि पुन्हा जणू पहिलीपासून बसल्या. सुमारे अकरा वर्षं कडक तालीम. त्यानंतरही खाँसाहेब १९४६ मध्ये जाईपर्यंत शिकणं चालूच होतं. या घराण्याचं गाणं सोपं नाही. दोन-तीन रागांच्या सांध्यावर उभे असलेले अनवट राग, श्वासाची परीक्षा घेणाऱ्या लांब, गुंफलेल्या ताना. एक राग उलगडायला तास लागावा असं ते काम.

आता या गायकीसमोर त्या काळची तबकडी ठेवून बघा. ७८ आरपीएमची लाखेची तबकडी, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. तासाभराचा ख्याल साडेतीन मिनिटांत बसवायचा म्हणजे जेवणाचं ताट डब्यात कोंबण्यासारखं. शिवाय तबकडी एकदा विकली गेली की ती इराण्याच्या हॉटेलात वाजेल, कोणाच्या दिवाणखान्यात वाजेल, गप्पांच्या मागे वाजेल. गाणारीच्या हातात काहीच उरत नाही.

कोलकात्यात १९०२ साली गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं. तबकड्या परदेशात तयार होत, तिथल्या माणसांना आवाज कोणाचा हे कळावं म्हणून. मला त्या पुकारण्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. ‘हे माझं आहे’ एवढं सांगायची तेवढीच एक जागा होती. अनेक मोठे उस्ताद या यंत्रापासून लांब राहिले. अल्लादिया खाँ यांचं तर एकही ध्वनिमुद्रण नाही.

केसरबाईंनी मधला रस्ता धरला. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी मोजक्या तबकड्या केल्या, आणि मग हात आखडता घेतला. आपलं गाणं कुठे, कसं, कोणापुढे ठेवलं जाणार याबाबत त्या अतिशय काटेकोर होत्या. मानधनाबाबत तितक्याच. त्यांच्या करारीपणाच्या गोष्टी जुने रसिक अजून रंगवून सांगतात आणि त्यात हळूच ‘गर्विष्ठ’ हा शब्दही सरकवतात. पुरुष गवयाने हेच केलं की त्याला आपण ‘मानी’ म्हणतो.

मला तो गर्व वाटत नाही. ज्या समाजात बाईचा गळा कोणापुढे उघडणार हे दुसऱ्यांनी ठरवलेलं असायचं, त्या समाजातल्या बाईने ‘इथे गाईन, इथे नाही’ म्हणणं ही तिची आयुष्यभराची कमाई होती. १९४८ मध्ये कोलकात्यात ‘सूरश्री’ ही उपाधी मिळाली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण आणि महाराष्ट्राच्या ‘राज्यगायिका’ हा मान. साठच्या दशकात, आवाज उतरल्याचं कोणी म्हणायच्या आत, त्यांनी जाहीर गाणंच थांबवलं. तेसुद्धा त्यांनीच ठरवलं.

या नकाराची किंमतही होती. केसरबाईंनी शिकवतानाही हात सैल सोडला नाही. धोंडूताई कुलकर्णींसारख्या एखाद्याच शिष्येला त्यांची तालीम मिळाली. एवढी मोठी गायकी आणि पुढे जायला एवढी अरुंद वाट. ‘नको’ म्हणण्याचा हक्क मान्य केला की मागे राहणाऱ्यांच्या हाती कमी लागतं, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

*

व्हॉयेजरच्या तबकडीत केसरबाई आल्या त्या रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाच्या शिफारशीवरून. कार्ल सगन आणि त्यांचे सहकारी तुकडे निवडत होते, वेळ थोडा होता, आणि ब्राउन यांनी सुचवलेली ती रेकॉर्ड कुठे मिळेना. शेवटी अ‍ॅन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. फ्रिज-मिक्सर विकणारं दुकान. जिने कोणापुढे गायचं ते इतकं मोजून मापून ठरवलं, तिचा आवाज टेबलाखालच्या खोक्यातून उचलला गेला आणि जिथे श्रोता असेल की नाही हेही माहीत नाही तिथे पाठवला गेला.

व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवसांचा फरक. आज ते यान आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरहून जास्त लांब आहे, आणि आवाज त्याच्याबरोबर निघून चालला आहे. केरीत त्यांच्या नावाची शाळा आहे, गोव्यात त्यांच्या नावाने संगीत समारोह होतो. पण माझ्या वयाच्या दहा जणांना केसरबाई कोण हे विचारलं, तर ज्या एका-दोघांना माहीत असेल त्यांना ते व्हॉयेजरमुळेच माहीत असेल. म्हणजे तासाभराचा ख्याल घडवण्यासाठी आयुष्य घातलेल्या बाईची ओळख, तिच्या साडेतीन मिनिटांवरून.

*

आता शेजारचा माणूस.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली, पण दुसऱ्याच्या शेतात राबणं, सावकाराचं देणं आणि गोऱ्यांच्या वेगळ्या दरवाजांपासून लांब राहणं संपलं नव्हतं. त्या जगण्यातून हे गाणं आलं. विली जॉन्सन स्वतःला ब्लूज गायक म्हणवून घेत नसे. तो देवाची गाणी गायचा. पण गिटार वाजायची ती ब्लूजचीच. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती, आणि टेक्सासच्या गावांमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गाणं हे त्याचं पोट होतं.

१९२७ मध्ये कोलंबिया कंपनीची माणसं डॅलसला यंत्रं घेऊन आली. तिथून १९३० पर्यंत त्याची तीस गाणी तबकड्यांवर गेली. मग मंदी आली, कंपन्यांना असल्या रेकॉर्डमध्ये रस उरला नाही, आणि जॉन्सन परत रस्त्यावर. १९४५ मध्ये त्याचं घर जळालं. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून जळक्या घरातच ओल्या अंथरुणावर झोपलो, तिथून तो आजारी पडला, असं त्याच्या बायकोने पुढे सांगितलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तो गेला. त्याला पुरलं ती नेमकी जागा आज कोणाला दाखवता येत नाही.

त्याचं गाणं व्हॉयेजरवर घेताना निवडणाऱ्यांनी जे कारण दिलं ते असं, की रात्र पडते आहे आणि निजायला जागा नाही, हा प्रसंग माणसावर आदिकाळापासून येत आला आहे. कारण खरंच आहे. पण विचार करा. निजायला जागा नसलेल्या माणसाच्या आवाजासाठी आपण सोन्याच्या मुलाम्याचं घर बांधलं, ३२ वर्षं उशिरा.

हे वाचल्यावर एसटीत बसून त्याचा हुंकार ऐकताना मला अपराधी वाटायला लागलं. त्याच्या त्रासाचा मी खिडकीशी बसून आनंद घेते आहे, असं. मग जरा शांत डोक्याने पाहिलं तेव्हा लक्षात आलं की मी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करते आहे. जॉन्सनला लोकांनी ऐकायला हवंच होतं. तो भर रस्त्यात उभा राहून, जाणाऱ्या-येणाऱ्याने थांबावं म्हणून गात होता. त्याच्यावर अन्याय झाला तो गाणं घेऊन माणसाला तिथेच सोडून देण्याचा. केसरबाईंच्या बाबतीत प्रश्न बरोबर उलटा आहे. त्यांना मान मिळाला, पैसा मिळाला. त्यांना हवा होता तो ऐकणाऱ्यावरचा ताबा.

म्हणजे ‘ऐकणं चांगलं की वाईट’ हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होते. कोणाला आपण काय देणं लागतो, हे त्या माणसाने काय मागितलं होतं त्यावरून ठरतं. जॉन्सनने मागितलं होतं ते त्याला कोणी दिलं नाही. केसरबाईंनी मागितलं होतं ते त्या जिवंत असेपर्यंत दिलं गेलं.

आणि आजीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

*

मी गप्प राहिले तरी प्रश्न गप्प बसेना. मग मी स्वतःच दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं.

पहिली बाजू सगळ्यांना सुचते: मेलेल्या माणसाला काय कळतं? आजी आता नाही, तिला लाज वाटणार नाही, राग येणार नाही. क्लिप शेअर केल्याने तिचं काय बिघडणार?

यावर मला आजीच्या पाटल्या आठवल्या. जाण्याआधी तिने सांगून ठेवलं होतं की पाटल्या धाकट्या आत्याला द्यायच्या. दिल्या. ‘आता तिला काय कळतंय’ असं घरात कोणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर त्याला उभं केलं नसतं. सोन्याच्या बाबतीत मेलेल्या माणसाचा शब्द आपण दगडावरची रेघ मानतो. आवाजाच्या बाबतीत मात्र आपल्याला लगेच तत्त्वज्ञान सुचतं. पाटल्या विकता येतात म्हणून त्यांचा शब्द पाळायचा, आणि आवाज फुकट फॉरवर्ड होतो म्हणून त्याचा नाही?

दुसरी बाजू जड आहे: कला एकट्याची नसते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गायच्या. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर यांनी ते टिपून ठेवलं, आणि त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. ते टिपलं नसतं तर मराठी केवढी गरीब राहिली असती. आजीच्या त्या माहेरच्या गाण्याचं काय? तिच्या माहेरी आता ते कोणी गात नाही, मी विचारून आले आहे. क्लिप गेली की गाणं गेलं.

इथे मी बराच काळ अडकले. मग दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या. बहिणाबाईंच्या मुलाने शब्द टिपले ते आईचे म्हणून, उघड, समोर बसून. तो फोन पालथा ठेवत नव्हता. आणि दुसरं, गाणं आणि आवाज एकच नाहीत. अल्लादिया खाँ यांचा आवाज आज जगात कुठेच नाही, तरी त्यांचं गाणं बुडालं नाही. ते केसरबाईंच्या, मोगूबाई कुर्डीकरांच्या, स्वतःच्या मुलांच्या गळ्यात गेलं आणि तिथून पुढे. जपायचंच असेल तर गाणं शिकून जपता येतं. त्याला मेहनत पडते, एवढंच. फॉरवर्डला पडत नाही.

एक शंका तरीही उरते, आणि ती मी लपवणार नाही. प्रत्येक ‘नको’ सारखा नसतो. काही बायकांचा ‘नको’ त्यांचा नसतोच. सासऱ्याचा असतो, नवऱ्याचा असतो, लोक काय म्हणतील याचा असतो. असा ‘नको’ जन्मभर पाळलेल्या बाईचा आवाज तिच्या मागे बाहेर आणणं, हा कदाचित न्यायच ठरेल. म्हणून मी आजीचा ‘नको’ परत परत तपासला. ती लाजली होती का? घाबरली होती का? तिला आपला गळा वाईट वाटत होता का?

नाही. तिने कारण दिलं होतं, आणि ते चोख होतं. या गाण्याला जागा आहे, दिवस आहे, समोर कोण असावं हे ठरलेलं आहे. तेरड्याची गौर समोर नसेल तर हे गाणं नाही. केसरबाई ज्या हिशोबाने मैफल निवडायच्या तोच हिशोब आमच्या स्वयंपाकघरात विळीवर बसून चालला होता. फरक इतकाच की तिथे तो करारीपणा ठरला, आणि इथे मी त्याला म्हातारीचा हट्ट समजले.

*

हे सगळं कळल्यावर क्लिप डिलीट करायला हवी होती. केली नाही. दोनदा बोट तिथवर गेलं.

उलट २०२३ च्या गौरींना, पूजेच्या रात्री, मी बाबांना मागच्या पडवीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. चोरून केलं हेही. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लाव.” गौर पुढच्या घरात बसली होती, तिथे जाऊन आम्ही दोघं तिच्यासमोर बसलो आणि मी फोन जमिनीवर ठेवला. चार मिनिटं अकरा सेकंद. नारळ खवल्याचा आवाज, आजीचा आवाज, लांबून अंगणातल्या काकूंचं हसणं. आजी गेली तेव्हा बाबा रडले नव्हते. त्या रात्री रडले.

डोळे पुसून ते म्हणाले, “मला पाठव.”

मी नाही म्हटलं.

ते चिडले. माझी आई आहे, म्हणाले. आणि ते खरंच आहे, त्यांची आई आहे. मुलाला आईचा आवाज नाकारणारी मी कोण? याला माझ्याकडे अजूनही पुरेसं उत्तर नाही. मी एवढंच म्हणाले की दर वर्षी गौरीपुढे लावीन, तुम्ही बसा, ज्याला बसायचंय त्याने बसा, पण फोनमधून बाहेर जाणार नाही. पुढे चुलत भावालाही हेच सांगितलं. तो म्हणाला, तू स्वार्थी आहेस, तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सगळ्यांना उपाशी ठेवतेस. असेलही. चोरी केली मी, आणि नियमही मीच करते आहे, हे मला दिसतं. मी शब्द मोडलाच आहे. आता उरलं ते एवढंच की मोडलेला शब्द किती लांब पसरू द्यायचा.

एक काम मात्र मी करते आहे. ते गाणं शिकते आहे. आजीने गिळलेले शब्द कुठले असावेत यावर धाकट्या आत्याशी फोनवर वाद घालते. तिला दोन ओळी वेगळ्याच आठवतात. माझा आवाज बरा नाही, आणि त्या हुंकाराच्या जागा मला अजून सापडत नाहीत. मागच्या गौरींना मी अंगणात पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा एका काकूने मधेच विचारलं, “हे कुठलं गो?” मी सांगितलं. कोणी रेकॉर्ड करत होतं का ते मी पाहिलं नाही. करत असेल तर माझं करू दे, माझी हरकत नाही. तो माझा आवाज आहे.

फोनची मेमरी आता सारखी भरते. काय काढायचं याची यादी तो मला दाखवतो, आणि त्यात ती क्लिप कधीतरी येतेच. मी ती सोडून बाकीचं काढते. बॅकअप मी मुद्दाम घेतलेला नाही. हा फोन जितकी वर्षं चालेल तितकीच ती क्लिप चालेल, असं मी ठरवून टाकलंय. बॅटरी आताच दुपारपर्यंत टिकत नाही.

बाबा अजून थोडे रागात आहेत. पण गणपती जवळ आले की ते जेवताना सहज विचारल्यासारखं विचारतात, “आहे ना गो अजून?”

मी म्हणते, “आहे.”